उरलेल्या फितीतलं गाणं

टेंभुर्णीच्या बसस्टँडसमोरच्या दुकानात तो कॅसेटी भरून द्यायचा. हात कधी स्वस्थ नसायचे. बोलतानाही कॅसेटमध्ये पेन्सिल घालून गुंतलेली फीत फिरवत राहायचा. भजनं सांगा नाहीतर पोवाडे, शेवटी फीत उरली की तो तिच्यात एकच जुनं डिस्को गाणं भरायचा. विचारलं की म्हणायचा, "मंग काय रिकामी सोडू? मला न्हाई करमत."

एकदा देवळाच्या भोंग्यावर आरती संपली आणि पाठोपाठ तेच गाणं गावभर दणाणलं. पुजारीबुवा कॅसेट घेऊन तणतणत दुकानात आले. त्यानं गाणं पुसून दिलं.

पुढच्या शनिवारी मी देवळात होतो. आरती संपली, भोंग्यातून नुसती खरखर येत राहिली, तरी कुणी हलेना. बाया हात जोडूनच वर बघत होत्या. "बंद पडलं का काय?" एक म्हातारी पुटपुटली. आणि बुवांचा अंगठा आरतीच्या ताटावर त्याच गाण्याचा ठेका धरून होता.

हे त्याला सांगितलं, तेव्हा त्याचे हात पहिल्यांदा थांबले.

"फितीवरचं पुसलं म्या," तो म्हणाला. "बुवाचं कोण पुसणार?"

आणि पेन्सिल पुन्हा फिरायला लागली.