कालचं पाणी

कोथरूडला आमच्या शाळेच्या उतारावर ते गृहस्थ स्कूटर बंद करायचे आणि नुसते घरंगळत फाटकापाशी यायचे. मागे नात बसलेली. तिला उतरवलं की हेल्मेट न काढताच आत येऊन व्हरांड्यातले भर उजेडात चालू राहिलेले दिवे बंद करायचे. मी मुख्याध्यापिका. मला आधी रागच यायचा.

एका सकाळी मावशी नेहमीप्रमाणे पाण्याची सगळी पिंपं अंगणात ओतत होत्या. कालचं पाणी शिळं, म्हणून रोज ओतून द्यायचं, ही आमची जुनी रीत. मग दुपारी टाकी रिकामी आणि दारात टँकर. त्या टँकरच्या खर्चापायी चित्रकलेच्या बाईंना ‘जूनपासून येऊ नका’ असं सांगायची वेळ आली होती.

ते गृहस्थ ते पाहून थांबले. ‘‘अहो बाई, हे पाणी धरणात गेल्या पावसाळ्यापासून पडून आहे. तिथे ते ताजं राहतं आणि तुमच्या पिंपात एका रात्रीत शिळं होतं?’’

मावशी हसल्या. मलाही हसू आवरेना. दुसऱ्या दिवसापासून पिंपांवर झाकणं आली, ओतणं थांबलं. उरलेल्या उन्हाळ्यात टँकर क्वचितच बोलवावा लागला.

जूनमध्ये चित्रकलेच्या बाई वर्गावर गेलेल्या पाहिल्या आणि मी तडक फाटकाशी धावले, त्या गृहस्थांचे आभार मानायला. त्यांनी हेल्मेटमधूनच माझ्या मागे पाहिलं.

‘‘आभार राहू द्या. तुमच्या खोलीतला पंखा कोणासाठी फिरतोय?’’

मी परत जाऊन पंखा बंद केला. आता रोज खोलीतून निघताना पंखा बंद करते, तेव्हा ते राहिलेले आभार मानून घेते.