तीस हात फिल्म

डबेमामा फिल्मचा डबा उघडण्याआधी त्याला नाक लावत. दर शनिवारी, एकेका डब्याला, डोळे मिटून. फिल्म बिघडू लागली की तिला आंबूस वास सुटतो. तो त्यांना आमच्या आधी महिनाभर यायचा. "हिला कणकण आहे," म्हणायचे आणि डबा वेगळा ठेवायचे.

तुमच्या पणजोबांना आम्ही आबा म्हणायचो. त्यांच्या सिनेमा कंपनीत मामा संकलक होते. फिल्म कापायची, जोडायची आणि डबे सांभाळायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा हडपसरच्या शेडमध्ये चार सिनेमे काढून झाले होते आणि पाचवा निघण्याची चिन्हं नव्हती. माझं इंग्रजी चांगलं म्हणून आबांनी मला पत्रव्यवहार दिला. कंपनी तेव्हा सरकारसाठी खतांवरचे माहितीपट करत होती. पुढे तेही थांबलं आणि शूटिंगचे दिवे लग्नाच्या मांडवांना भाड्याने जाऊ लागले. मामा म्हणाले, "नट्यांपेक्षा नवऱ्या बऱ्या. रीटेक मागत नाहीत."

पहिल्या सिनेमात अर्ध्या मिनिटाचं एक दृश्य होतं. सहा वर्षांची मुलगी पायरीवर बसून पेरू खाते आणि कॅमेऱ्याकडे बघून हसते. कथेशी तिचा काही संबंध नाही. "ही पोरगी कोण?" आबांनी विचारलं होतं. "शेजारची," मामा म्हणाले आणि दृश्य राहू दिलं. ती त्यांची कुसुम. पुढच्याच वर्षी ती घटसर्पाने गेली. दिवसभर चित्रांत हात असलेल्या माणसाच्या घरी मुलीचा एक फोटो नव्हता. काढू, काढू म्हणत राहून गेला होता.

मग आबांनी चांदीचा धंदा काढला. जुनी फिल्म गरम रसायनात बुडवली की चित्राचा थर सुटतो आणि त्यातली चांदी तळाशी बसते. उरलेली पारदर्शक पट्टी प्लास्टिकवाला नेतो. आधी बाहेरच्या फिल्म आणल्या, मग दवाखान्यांतले एक्स-रे, मग आबांची नजर घरच्या डब्यांकडे वळली. डब्यांची थंड खोलीही त्यांना द्राक्षांच्या पेट्यांसाठी हवी होती.

मामा एवढंच म्हणाले, "पहिल्याची निगेटिव्ह राहू द्या. प्रिंट सगळ्या फाटल्या."

"मामा, आता कोण बघणार आहे?"

सोमवारी चारही सिनेमांचे डबे मामांनी स्वतः उचलून दिले. इतक्या निमूटपणे, की मला नवल वाटलं.

राहिले खतांच्या माहितीपटांचे डबे. ते सरकारी, परवानगीशिवाय हात लावायचा नाही. द्राक्षांना तेवढीही फळी हवी होती, म्हणून परवानगी मागण्याचं काम माझ्याकडे आलं. मी दर महिन्याच्या एक तारखेला पत्र पाठवत असे, आधीच्या सगळ्या पत्रांचे क्रमांक देऊन.

"सूनबाई, उत्तर आलं का?" मामा विचारत.

"नाही हो."

"येईल सावकाश. सरकार आहे."

मला वाटायचं, ते माझी समजूत घालताहेत. त्या डब्यांशी त्यांचा शनिवार फार वेळ रेंगाळायचा. मी एकदा थट्टा केली, तर म्हणाले, "सरकारी माल. जपायला नको?"

दोन वर्षांनी उत्तर आलं. मामा तेव्हा पुतणीच्या लग्नाला धायरीला गेले होते. कामं साठवायची मला सवय नाही. त्याच दिवशी डबे मोजले, यादी केली, आबांची सही घेतली आणि सगळे मागे रसायनाच्या टाक्यांकडे पाठवले.

शनिवारी मामा रिकाम्या फळीपुढे उभे दिसले. मी फाइल उघडून उत्तर पुढे केलं, थोड्या अभिमानानेच. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. "काय लिहिलंय?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते खाली बसले.

"त्या डब्यांत खत नव्हतं, सूनबाई. खत मी तेव्हाच दिलं, सिनेमाच्या डब्यांत घालून."

"मग यांत काय होतं?"

"कुसुम होती."

मी विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही यादीत लिहिलं असतंत."

टोमणा नव्हता तो. मी खरोखरच लिहिलं असतं.

धुतलेल्या पट्ट्यांचा ढीग प्लास्टिकवाल्याने अजून नेला नव्हता. मामा दोन दिवस त्यात बसून होते आणि मी शेजारी बसून सुटलेल्या पट्ट्या गुंडाळत होते. चित्र गेलं तरी जोड राहतात, आणि प्रत्येक जोड त्यांच्या हातचा. दोन जोडांमधलं अंतर ते कोपरापासून बोटांपर्यंत हाताने मोजत. दुसऱ्या दिवशी दुपारी थांबले. "आधी सात, मध्ये तीस, मग चार. हीच." काचेसारखी कोरी पट्टी त्यांनी कापून घेतली.

आबांना आम्ही दोघांनीही काही सांगितलं नाही. मामा त्याच थंड खोलीत द्राक्षांवर देखरेख करत राहिले. पेट्यांना नाक लावत आणि कोणती बिघडणार ते अचूक सांगत. "बघा, मामांचं नाक वाया गेलं नाही," आबा पाहुण्यांना सांगायचे. मामा पुढच्या पेटीकडे वळायचे.

ते गेल्यावर पुतणीने एक डबा आणून दिला. झाकणावर माझं नाव होतं, मामांच्या अक्षरात. नुसतं 'सूनबाई'.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, पणजोबांचा सिनेमा कुठे बघायला मिळेल का. नाही मिळणार. पहिला मी बुडवला. त्यातलं अर्धं मिनिट माझ्या कपाटात आहे, पण त्यावर काही दिसत नाही. दर शनिवारी मी डब्याला नाक लावते. अजून कणकण नाही.