पिपलानीची भुलाबाई आणि कॅमेऱ्याकडे न बघण्याची सक्ती

भोपाळहून परत येऊन तीन आठवडे झाले. "फोटो कधी टाकतेस?" असं विचारणाऱ्या सगळ्यांना एकदाच सांगते, की टाकणार नाहीये. या पोस्टमध्ये रस्ते आहेत, खाणं आहे, खर्चाचा अंदाज आहे, आणि बाकी निव्वळ संताप आहे. ज्यांना फक्त पोहे-जिलेबी कुठे खायची ते हवंय त्यांनी टी. टी. नगरचा परिच्छेद तेवढा वाचून थांबावं.

आमचे पराग सर नाशिकला शनिवार-रविवारी फोटोग्राफीचे वर्ग घेतात. मी त्यांच्याकडेच शिकले. या वर्षी त्यांनी 'लोक आणि लोकपरंपरा' अशी चार दिवसांची भोपाळ सहल काढली, आम्ही दहा जण. कोजागिरी मध्ये येत होती म्हणून त्यांनी ई-मेलवर विचारलं, की तिकडे घरगुती परंपरा जपणारं कुणी ओळखीचं आहे का. मी उत्साहाने हात वर केला. माझ्या शेजारच्या विजूताईंच्या थोरल्या बहीण, शैलाकाकू, भोपाळच्या पिपलानी भागात राहतात. यजमान तिथल्या मोठ्या सरकारी कारखान्यात, घर कारखान्याच्याच क्वार्टरमध्ये, मूळ दोघंही नागपूरकडचे. त्यांच्याकडे दर वर्षी भुलाबाई बसते. आपल्याकडे भोंडला तशी विदर्भात भुलाबाई. शंकर-पार्वतीच्या मातीच्या मूर्ती मांडायच्या, महिनाभर मुलींनी टाळ्यांच्या तालावर गाणी म्हणायची, झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची आणि कोजागिरीला समारोप करायचा.

काकूंना फोन केला तर त्या लगेच तयार झाल्या, पण एका अटीवर. "दहा येऊ द्या नाही तर वीस येऊ द्या, मला काही त्रास नाही. फक्त जाताना एक फोटो नीट काढून द्या. सगळ्या जणी ओळीत, मागे क्वार्टर, वरचा नंबर दिसला पाहिजे. आणि रश्मी माझ्या बाजूला. ती चंद्रपूरहून खास त्याच्यासाठीच येऊन राहिली आहे."

या रश्मीची गोष्ट विजूताईंनी सांगितली. ती शेजारच्या क्वार्टरमधली मुलगी. आई लहानपणीच गेली, आणि ती काकूंच्याच ओट्यावर वाढली. काकूंना मूलबाळ नाही. त्या क्वार्टरमध्ये पहिली भुलाबाई बसली तेव्हा गाणी म्हणायला काकू आणि रश्मी एवढ्या दोघीच होत्या. पुढे सगळ्या गल्लीतल्या मुली यायला लागल्या, मराठी, हिंदी, मल्याळी, सगळ्या. रश्मी लग्न होऊन गेली, शाळेत शिकवायला लागली, आणि येणं राहूनच गेलं. आता काका निवृत्त होत होते. दिवाळीआधी क्वार्टर सोडून अयोध्या नगरच्या फ्लॅटमध्ये जायचं होतं. त्या दाराशी दोघींचा एकत्र असा एकही फोटो नव्हता. मी सरांना काकूंची अट शब्दशः सांगितली. "एक काय, शंभर काढू," सर म्हणाले. मी तसंच काकूंना कळवलं.

नाशिक रोडहून संध्याकाळी गाडीत बसलात की सकाळी भोपाळ. आम्ही टी. टी. नगरात राहिलो. खोल्या साध्या, स्वच्छ, आणि बाजार पायी अंतरावर. सकाळी हातगाडीवर पोहे-जिलेबी खा. पोह्यांवर शेव आणि बडीशेप पडते, आणि जिलेबी त्याच कागदावर येते. दहा-पंधरा रुपयांत पोट भरतं. जुन्या शहरात मिनीबसने जा, रिक्षावाले नवखा माणूस बघून तोंडाला येईल तो आकडा सांगतात. चौकाजवळ मीठ घातलेला चहा मिळतो. पहिला घोट विचित्र लागतो, पण दुसरा कप मागवाल.

त्या चहाच्या दुकानापाशीच मला पहिल्यांदा खटकलं. बाकावर एक म्हातारे चाचा बसले होते. त्यांनी आमचे कॅमेरे पाहिले, चहा खाली ठेवला, गळ्याचं बटण लावलं, टोपी सरळ केली आणि ताठ बसले. सर म्हणाले, "नहीं चाचा, पोज़ नहीं। जैसे थे वैसे ही रहिए।"

"जैसा था वैसा तो रोज़ रहता हूँ," चाचा म्हणाले. "फ़ोटो रोज़ थोड़े ही खिंचती है।"

सर हसले आणि चाचांचं लक्ष उडेपर्यंत थांबले. चाचांनी वैतागून बटण सोडलं, जांभई दिली, तेव्हा सरांनी तो फोटो घेतला. संध्याकाळी हॉटेलात सगळ्यांना दाखवून म्हणाले, "हा खरा माणूस." बटण लावणारा माणूस खोटा कसा, हे मी विचारायला हवं होतं. पण गुरुजनांपुढे माझी जीभ जरा उशिराच चालते.

कोजागिरीच्या दिवशी चार वाजता आम्ही भाड्याच्या छोट्या बसने पिपलानीला पोचलो. रुंद सरळ रस्ते, दोन्ही बाजूंना झाडं, एकसारखी बैठी क्वार्टर्स, दारात स्कूटरी. काकांनी अंगणात क्लबातून आणलेल्या खुर्च्या एका ओळीत मांडून ठेवल्या होत्या. तिथे कुणीही निवृत्त झालं की असाच फोटो निघतो, पुढे खुर्च्या, मागे उभी रांग, त्यामुळे कुणी कुठे उभं राहायचं ते पोरींनाही पाठ होतं. बायका ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या होत्या. काकूंनी मोरपंखी रेशमी साडी नेसली होती. त्या आणि रश्मी दारात नंबराखाली खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या आणि थेट कॅमेऱ्याकडे बघून हसल्या. सरांनी एक क्लिक केलं. ते क्लिक मी माझ्या कानांनी ऐकलं, ते लक्षात ठेवा.

त्यानंतर सरांनी ते घर ताब्यात घेतलं. खुर्च्या हटवा, त्या फ्रेममध्ये घाण दिसतात. स्कूटर मागे न्या. ट्यूबलाइट बंद करा, पणत्या लावा. दारावरचा रंगवलेला नंबर 'डोळ्यात येतो' म्हणून त्यावर भुलाबाईच्या मखरासाठी आणलेली ज्वारीची धाटं बांधायला लावली. आणि मग, "काकू, ही साडी फार चमकते. रोजची एखादी कॉटनची नाही का?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "खरेपणा हवाय आपल्याला." काकू पाहुण्यांचं मन मोडणाऱ्यातल्या नाहीत. आत जाऊन त्या विटकी सुती साडी नेसून आल्या. माझ्या हातात सरांनी रिफ्लेक्टर दिला होता, उजेड परतवणारी चंदेरी कापडाची मोठी चकती. "ओळख तुझी आहे, तू बायकांजवळ थांब." त्यामुळे माझा कॅमेरा पिशवीतच राहिला.

गाणी सुरू झाली. छान रंगत होती, तोच सर म्हणाले, "परत. इकडे कुणी बघू नका." मुलींनी परत म्हटलं. मग फक्त हात. मग फक्त बांगड्या. मग खिरापतीच्या डब्याचं झाकण उघडून वाफ हवी होती. एक छोटी मुलगी म्हणाली, "अंकल, पहले पहचानते हैं, फिर खुलता है।" सर म्हणाले, "बेटा, एक बार मेरे लिए।" झाकण उघडलं. सगळ्यांना करंज्या दिसल्या. मग ओळखायचं काय, कपाळ? मुलींचे चेहरे पडले, आणि त्या पडलेल्या चेहऱ्यांवर पाच कॅमेरे तुटून पडले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि तरी मी चकती धरून उभी होते.

रश्मीची गाडी साडेसातला हबीबगंज स्टेशनहून होती. दुसऱ्या दिवशी तिच्या शाळेत परीक्षा होत्या. फाटकाशी रिक्षा येऊन थांबली तेव्हा ती सरांना म्हणाली, "सर, तो ग्रुप फोटो आधी काढाल का? मला निघायचंय."

"दोन मिनिटं. हा उजेड परत मिळणार नाही."

ती पुन्हा विचारायला आली, तेव्हा सर जमिनीवर आडवे पडून समईच्या ज्योतींमधून काकूंचा चेहरा टिपत होते. "काकू, अजिबात हलू नका." रिक्षावाला भोंगा वाजवत होता. रश्मीने लांबूनच हात जोडले. काकूंनी मान वळवली तर सर ओरडले, "नाही, नाही, खाली बघा." रश्मी गेली.

गाणी संपली, बाहेर अंधारून आलं. काकू गुडघ्यांवर हात टेकत उठल्या. "आता काढायचा नं तो फोटो? रश्मी कुठे आहे?"

सर लेन्स पुसत म्हणाले, "काकू, तसले ग्रुप फोटो कुठल्याही स्टुडिओवाल्याकडून काढून घ्या. त्यात फोटोग्राफी नसते."

तेव्हा कुठे माझी जीभ सुटली. मी ती चकती अंगणात टाकली आणि जे बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. लिहिण्यासारखं एवढंच: "सर, या बाईंनी तुम्हाला घर दिलं, चहा दिला, अंगावरची साडी बदलली. त्यांनी मागितलेली एकच गोष्ट तुम्ही कबूल केली होती. ती तुम्हाला कमीपणाची वाटते?" सर म्हणाले, "मेधा, तू भावनिक होतेयस." मग सगळे बसमध्ये चढले. मी चढले नाही. सोबतच्या नऊ जणांपैकी एकही खाली उतरला नाही, हेही नोंदवते.

काकांनी खुर्च्या परत मांडल्या आणि धाटं सोडली. काकू आत जाऊन मोरपंखी साडी नेसून आल्या. मी ट्यूबलाइटच्या उजेडात फ्लॅश मारून फोटो काढला. दोन बायकांचे डोळे मिटलेत, एका पोरीने जीभ काढली आहे, नंबर स्पष्ट आहे. काकू म्हणाल्या, "छान आला." मग जरा वेळाने, "तिला तेवढं थांबवायला पाहिजे होतं गं कोणी." मी तिथेच जेवले आणि काका मला स्कूटरवरून हॉटेलला सोडून गेले. सहलीचा उरलेला दिवस मी एकटीच मोठ्या तलावावर काढला. तलाव सुंदर आहे, नावेत जरूर बसा. मला त्यातलं फारसं काही आठवत नाही.

घरी आल्यावर मला ते दारातलं क्लिक आठवलं. दोघी, मोरपंखी साडी, वर नंबर. म्हणजे फोटो होता! सरांना फोन केला.

"तो? तो बसमध्येच उडवला," सर म्हणाले. "कार्ड भरलं होतं. कॅमेऱ्याकडे बघतायत असे सगळेच उडवतो मी. का?"

बाकीच्या नऊ जणांना एकेक करून विचारलं. सगळे सरांचे चांगले विद्यार्थी. कुणाकडे रश्मीची पाठ आहे, कुणाकडे कान, कुणाकडे पदर. सरांनी स्वतःच्या संकेतस्थळावर एक फोटो लावलाय, टाळी वाजवणारे दोन हात, मागे धुरकट पणत्या. लोकांनी खाली 'जिवंत', 'अप्रतिम' असं बरंच काही लिहिलंय. ते हात रश्मीचे आहेत.

काकूंचा दर चार दिवसांनी फोन यायचा. "सापडला का गं?" शेवटी मी खरं ते सांगितलं, संकेतस्थळावरच्या हातांचंही.

काकू म्हणाल्या, "मग तो हातांचाच पाठव. बांगड्या मीच भरल्या होत्या सकाळी. तेवढं तर तेवढं."

सरांकडे फोटोवर नाव नसलेली स्वच्छ प्रत मागितली. नावाशिवाय आपण देत नाही, ते तत्त्वाचं आहे, असं त्यांनी कळवलं. मी आहे तसा छापून पाठवला, दुसरं काय करणार होते. काकूंनी तो अयोध्या नगरच्या नव्या घरात बैठकीत लावला आहे, असं विजूताई सांगत होत्या. रश्मीच्या मनगटावर आडवं, पांढऱ्या अक्षरात, पराग सरांचं नाव आहे.