यल्लम्माला निघालेली माणसं

बेळगावला लागून असलेल्या शहापुरातल्या विणकरांच्या धर्मशाळेचा राखणदार भरमा तसा नाकासमोर चालणारा माणूस. कंदील पुसावेत, वाटसरूला चटई द्यावी आणि कुणी विचारो न विचारो, आपलं मत ठोकून द्यावं, एवढाच त्याचा व्याप. पण मानमोडी तापाच्या साथीनंतरच्या वर्षी या सरळ माणसानं साऱ्या बेळगावच्या दानशूरांना खुशाल बनवलं. तेही बायाक्कापायी.

बायाक्का गुंजीकडची. साथीत नवरा गेला, पोरगा गेला, आणि दिरानं दार लावून घेतलं. चालत चालत ती धर्मशाळेत येऊन टेकली. नियम असा, की यात्रेकरूनं तीन रात्री राहावं आणि पुढं निघावं. तिच्या रात्री संपल्या तेव्हा भरमानं तिला विचारलं,

"आक्का, आता कुठं जाणार गं?"

"जागाच न्हाय तर जाऊ कुठं रं?"

स्टेशनाजवळ किराणा व्यापाऱ्यांची धर्मशाळा होती, वडगावात मठाची. तिथले राखणदार सुबराव आणि आण्णाप्पा हे भरमाचे तंबाखूचे सोबती. तिघांनी मसलत केली. इथल्या रात्री संपल्या की बायाक्कानं तिकडं जायचं, तिकडल्या संपल्या की पलीकडं. धर्मशाळेच्या पंचांनी हटकलंच, तर सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला निघालोय म्हणायचं. हळूहळू बाजारातल्या ओसरीवर निजणारी सगळीच माणसं यल्लम्माला निघाली आणि चक्र झकास फिरू लागलं.

तिन्हीकडचे पंच एरवी एकमेकांचं तोंड बघत नसत. पण एवढे भक्त बघून त्यांचा ऊर भरून आला. बिचारे पायी कधी पोचायचे! मंडळी पहिल्यांदाच एका बैठकीवर बसली, वर्गणी निघाली आणि यात्रेची पौर्णिमा जवळ येताच एका सकाळी भरमाच्या दारात झुली घातलेल्या बैलांच्या गाड्या उभ्या राहिल्या. विणकरांचे पंच मारुतीराव स्वतः भंडारा उधळत आले.

"उदं गं आई उदं! चढा, चढा!"

कुणी चढेना. सगळे भरमाकडं बघू लागले. भरमानं मनात हिशेब केला. यल्लम्माच्या डोंगरावर नेऊन सोडलेली ही माणसं परत आली, तरी यात्रा उरकलेल्यांना इथं थारा कोण देणार? आणि खरं सांगावं तर नोकरी गेलीच. त्यानं जाऊन गाडीचं जू धरलं.

"मालक, ही यात्रेकरू न्हाईत. ह्यास्नी घर न्हाय. देवीचं नाव म्या शिकिवलं. कोप हुयाचा तो माझ्यावर हू दे."

मारुतीरावांचा चेहरा भंडाऱ्याखालून लालबुंद झाला. "आमास्नी बनिवलंस व्हय रं?" ते गरजले, आणि कुणीतरी आपली बाजू घ्यावी म्हणून बायाक्काकडं वळले. "बाई, तुला तरी देवीला जायाचं हाय न्हवं?"

"लई हाय की," बायाक्का म्हणाली. "पर दर्शन झालं की माणूस घरला येतंय. म्या कुठं येऊ?"

मठाच्या कारभाऱ्यांनी गाडीवानांना खूण केली आणि जुवातून बैल सोडले गेले.

त्याच वर्गणीतून तिन्ही संस्थांनी वडगावात सुताची एक रिकामी वखार घेतली. तिथं राहायला रात्रींची अट नव्हती. भरमाला मारुतीरावांनी महिनाभर शिव्या घातल्या, पण काढलं नाही. वखारीत बायाक्का विणकरांच्या मागांसाठी सुताच्या कांड्या भरू लागली. पुढच्या वर्षी पौर्णिमेला ती खरोखरच सौंदत्तीला गेली, देवीचं दर्शन घेतलं आणि संध्याकाळी गाडीवानाला म्हणाली, "चल बाबा, घरला जाऊ."