भागीदाराची दाढी

न्हाव्याला स्वतःची मान मागून दिसत नाही, म्हणून त्याला जोडीदार लागतो. आमच्या कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये असे दोघे होते, लांब्या आणि ठेंगू. राहायचेही दुकानावरच्याच खोलीत. सुटीच्या दिवशी शटर अर्धं ओढून ते एकमेकांचे केस कापायचे, दाढी करायचे. खालून पायांच्या दोन जोड्या दिसायच्या. तेवढ्या भांडवलावर गल्लीने वर्षानुवर्षं गप्पांचा धंदा केला. "आत संसार चाललाय," म्हणत डोळे मिचकावायचे लोक.

गंमत बघा, मागून एवढी वटवट, पण खुर्चीत बसलं की सगळ्यांची दातखीळ! वस्तऱ्याखाली मान देऊन कोण विचारणार? फार तर, "काय लांब्या, लग्न कधी?"

"भागीदाराला विचारा."

ठेंगू आरशातूनच म्हणायचा, "परवानगी नाही. दुकान कोण झाडणार?"

की झाला हशा.

मग ठेंगूने अंथरूण धरलं. इस्पितळातली बातमी मला कुणी पुरवली ते विचारू नका, आपली माणसं सगळीकडे असतात. वॉर्डच्या दाराशी नर्सने विचारलं, "तुम्ही कोण त्यांचे?"

लांब्याच्या तोंडून सवयीने निघालं, "भागीदार."

"दुकानातले? मग बाहेर थांबा. आत फक्त घरचे."

घरची म्हणजे ठेंगूची धाकटी बहीण. ती बाहेर आली, तेव्हा लांब्या पिशवी छातीशी धरून उभा. पिशवीत वाटी, ब्रश, वस्तरा. "ताई, दाढी वाढलीये त्याची. त्याला खपत नाही. तेवढी करतो नि जातो."

"आता दाढी कसली, भाऊ? तुम्ही दुकान बघा."

ठेंगू वाढलेल्या दाढीनिशीच गेला.

लांब्या दुकान बघत राहिला. स्वतःचे केस मात्र कॉलरखाली उतरले, दाढी छातीवर आली. "न्हाव्याच्या घरात कात्रीचा दुष्काळ!" गिऱ्हाइकं हसायची. शेजारच्या गल्लीतला न्हावी फुकट कापून देतो म्हणाला. लांब्याने हात जोडले.

एक दिवस बहीण आली भावाचं सामान न्यायला. मी नेमका खुर्चीत, गालावर साबण. वर जाऊन ती रिकाम्या हातांनीच खाली आली.

"भाऊ, वर पलंग एकच आहे."

लांब्याने माझी हनुवटी वर केली नि वस्तरा लावला.

"मी कधी विचारलंच नाही. विचारायला हवं होतं. तुम्ही आणि दादा...?"

वस्तरा माझ्या गळ्याशी थांबला. गल्लीने पाठीमागे चघळून चोथा केलेला प्रश्न पहिल्यांदाच कुणीतरी नीट, मायेने, तोंडावर विचारला होता. लांब्याचे ओठ हलले. ठेंगूच्या खुर्चीकडे बघत तो म्हणाला, "भागीदार होतो, ताई."

ती डोळ्यांना पदर लावून निघून गेली.

"अरे गाढवा, सांगायचंस ना!" मी साबणासकट ओरडलो.

"काका, तोंडात तेवढाच शब्द उरलाय."

त्याने माझी दाढी पुरी केली. एक ओरखडा नाही. कापड झटकलं आणि हाक दिली, "चला, पुढचे!"

दुकानात दुसरं कुणीच नव्हतं.