नसलेल्या भावाचा शोध

साताऱ्याहून नाशिकला निघालो तेव्हा पिशवीत दोन सदरे होते, चिवडा होता आणि अंगात उसना आत्मविश्वास होता. रविवारी गंगापूर रोडला एका मित्राच्या गच्चीवर बारा हौशी लेखक जमणार होते. गोष्ट सुचत नसेल तर काय करावं, हे मी त्यांना शिकवणार होतो. आणि मला स्वतःला दोन वर्षांत एकही गोष्ट सुचली नव्हती! वर ऐटीत कबूल करून बसलो होतो, की माझ्याच युक्तीनं सुचलेली ताजी गोष्ट ऐकवीन.

युक्ती साधी. प्रवासात कुणी चौकशी केली की दर वेळी नवी थाप मारायची. ऐकणारा "मग?" म्हणाला, की तिथं गोष्ट आहे असं समजायचं.

शनिवारी सकाळी मिसळीपासून सुरुवात केली. "गावोगावच्या रश्श्यांवर संशोधन करतोय," असं मालकांना सांगितलं. त्यांनी एक पापड जास्त दिला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. पापड कुरकुरीत होता. गोष्ट नव्हती.

मग त्र्यंबकची बस धरली. सातपूरला कारखान्याच्या निळ्या कपड्यातले एक गृहस्थ शेजारी टेकले. मी देवळातल्या घंटा दुरुस्त करतो, असं त्यांना ठोकून दिलं.

"तडा गेलेली पण?"

"हो तर. वेल्डिंग मारायचं."

"मी बावीस वर्षं वेल्डरच आहे. जोड दिला की घंटेचा आवाज बसतो." ते गालात हसले. "काका, मारा थापा, पण मापात मारा."

मागच्या बाकापर्यंत हशा पिकला. ते महिरावणीला उतरले आणि त्यांच्या जागी एक बाई बसल्या, यमुनाबाई. मांडीवर नव्या पातेल्यांची पिशवी. खिडकीत अंजनेरीचा डोंगर आला होता. त्याच्याकडे बघत मी आवाज जड केला. "धाकट्या भावाला शोधतोय. भांडून घर सोडलं त्यानं."

"मग?"

माझं काळीज नाचलं! मी भावाला उंची दिली, कुरळे केस दिले, रागही दिला. त्र्यंबकला उतरल्यावर बाईंनी मला थेट जीपच्या तळावर नेलं. एकेका ड्रायव्हरला विचारलं, मग चहावाल्याला. "या दादांचा भाऊ हाय, कुरळ्या केसांचा. दिसला का?" त्यांच्या पाड्याकडे (डोंगरातल्या लहान वस्तीकडे) जाणारी जीप भरून निघाली. बाईंनी हातानंच तिला जा म्हटलं.

"अहो, तुमची जीप!"

"जाऊ द्या. चारला हाय दुसरी. माझा भाऊ काशिनाथ तीन वर्साखाली द्राक्षबागंवर कामाला गेला, तो आलाच नाय. तुमचा घावला तर मला बी धीर येल."

मी हातातला चहा खाली ठेवला. मी हात जोडून सगळं खरं सांगितलं. बाईंनी पातेल्यांच्या पिशवीची गाठ आवळली.

"म्हंजी भाऊ हायच नाय?"

"नाही."

"मंग त्याला घराभाईर कशाला काढला? सुखानं ठिवायचा की घरात."

मी कान पकडले.

"आता असं करा," त्या म्हणाल्या. "तुमाला बोलाया लय आवडतं ना? मंग माझ्या काशिनाथचं बोला. डाव्या मनगटावर भाजल्याची खूण हाय. चालताना उजवा पाय जरा वढतो. बाकी काय नाय वेगळं."

मी ते तिकिटाच्या मागं लिहून घेतलं. पाड्यावरच्या दुकानाचा फोन नंबरही त्यांनी दिला. चारच्या जीपमध्ये त्या बसेपर्यंत तिथंच थांबलो.

रविवारी गच्चीवर काशिनाथच्या खुणा तेवढ्या सांगितल्या. एक तरुणी म्हणाली, "सर, ही गोष्ट अर्धीच आहे." मी म्हटलं, "हो." जमलेल्यांपैकी दोघांचे नातेवाईक द्राक्षबागायतदार निघाले. त्यांनी नंबर उतरवून घेतला.

परतीच्या बसमध्ये शेजारी निफाडचे एक शेतकरी होते. त्यांना मी आपणहून काशिनाथबद्दल विचारलं. सांगता सांगता जीभ शिवशिवत होती. त्याला गोड गळा द्यावा, बहिणीसाठी घेतलेली बांगडी खिशात ठेवावी, असं फार वाटत होतं. पण मी जर एखादी खोटी खूण जोडली, तर खरा काशिनाथ यांच्या समोरून निघून जाईल आणि हे त्याला ओळखणार नाहीत. म्हणून फक्त मनगट सांगितलं, पाय सांगितला आणि गप्प बसलो.