रूपालीच्या लॅपटॉपला अर्थिंग

रावेरमध्ये चुडामणभाऊंचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. केळीच्या बागांमधल्या जळालेल्या सबमर्सिबल मोटारी तीस वर्षं त्यांच्याकडे येतात. मोटर उघडायच्या आधी ते नुसता वास घेऊन सांगतात, "व्होल्टेज कमी पडलं," किंवा "कोरडी चालवली." सहसा चुकत नाहीत.

म्हणूनच अमेरिकेत नोकरी करणारी मुलगी रूपाली तिकडचा लॅपटॉप घेऊन महिनाभर घरून काम करायला येणार म्हटल्यावर त्यांनी फोनवरच बजावलं, "मी असल्याशिवाय लावू नको. तिकडची लाइन एकशेदहाची, आपली दोनशेतीसची. धूर निघेल." तिकडून आलेला एक मिक्सर पूर्वी त्यांच्याच हातून जळाला होता. चटणी वाटायच्या आधीच.

मग गिऱ्हाइकांच्या मोटारी बाजूला सारून त्यांनी चार दिवस तार गुंडाळली आणि दोनशेतीसचे एकशेदहा करणारा अकरा किलोंचा ट्रान्सफॉर्मर बनवला. वर निळा रंगही दिला.

"भाऊ, माही मोटर कधी भरता?" ताटकळलेल्या पितांबर गिऱ्हाइकाने विचारलं. "का तिलेबी अमेरिकेले धाडू?"

रूपाली आली. तिने तो निळा ठोकळा पाहिला, चार्जर उलटा करून त्यांच्यापुढे धरला. "नाना, हे वाचा."

बारीक अक्षरांत १०० ते २४० व्होल्ट लिहिलं होतं.

"हा कुठल्याही लाइनवर चालतो. जर्मनीत सहा महिने होते, तिथेही हाच. फक्त पिना बदलायच्या." तिने दोन पिनांचा छोटा जोड बसवला आणि बटण दाबलं. धूर निघाला नाही. दुपारी बागांचे पंप सुरू झाले, व्होल्टेज पडलं, पंखा रेंगाळला, फ्रिज बंद पडला. लॅपटॉप मात्र चालूच.

"हुशार शे तुझा चार्जर," भाऊ म्हणाले आणि दुकानात निघून गेले. त्या दिवशी एक कॉइल त्यांना दोनदा भरावी लागली. पोरीला आपल्याकडून आता काही लागत नाही, हे मनातून जाईना.

तिसऱ्या दिवशी रूपाली लॅपटॉपवरून हात काढून मनगट चोळत बसली. "चार्जिंगला लावलं की मुंग्या येतात. टाइपच करता येत नाही. राहू द्या नाना, रविवारचं पुण्याचं तिकीट काढलंय. तिथे कंपनीच्या ऑफिसात दुसरा चार्जर मिळेल."

स्वयंपाकघरात तिच्या आईचं, सुमनबाईंचं, लाटणं थांबलं.

भाऊंनी टेस्टर लॅपटॉपच्या कडेला लावला. आतला दिवा मंद लाल झाला. जोडाला तिसरी, अर्थिंगची पिन नव्हती; म्हणजे गळणाऱ्या थोड्याशा करंटला जमिनीत जायला वाट नव्हती. त्यांनी बाजारातून चार्जरला बसणारी तीन पिनांची वायर आणली. दिवा तरीही लागला. तेव्हा त्यांनी भिंतीवरचा बोर्ड उघडला.

अर्थिंगची हिरवी वायर आत होती. वीतभर खाली जाऊन संपली होती. घर बांधताना त्यांनीच ती घातली होती. ती जमिनीत पुरायचा खड्डा नंतर करू म्हणून सतरा वर्षं गेली.

"अख्ख्या तालुक्याला अर्थिंग करा म्हणून ओरडतो मी," ते हळूच म्हणाले.

रूपाली हसली नाही. मागच्या शेवग्याजवळ गेली आणि पदर खोचावा तशी ओढणी खोचून तिने कुदळ उचलली. दोघांनी आळीपाळीने खड्डा खणला. पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि मीठ.

"किती मीठ?" सुमनबाईंनी विचारलं.

"दहा किलो."

"इतकं तं लोणच्यालेबी लागत नाही, बाप्पा."

पाणी ओतून झालं, वायर जोडली. टेस्टरचा दिवा आता लागला नाही. भाऊंनी त्यावर विश्वास ठेवला नाही. आधी स्वतःचं मनगट लॅपटॉपवर टेकवलं, मग लेकीला बोलावलं.

तिने दोन्ही हात ठेवले आणि बराच वेळ तसेच ठेवले.

"काही नाही."

"नीट बघ. माझ्यासाठी सांगू नको."

"खरंच काही नाही, नाना." तिने फोन घेतला आणि रविवारचं तिकीट रद्द केलं. भाऊ शेजारीच उभे होते. पडद्यावर 'रद्द' हा शब्द दिसेपर्यंत हलले नाहीत.

"खड्डा सुकू द्यायचा नसतो," मग ते म्हणाले. "आठवड्याला दोन बादल्या पाणी लागतं."

"मी ओतेन," रूपाली म्हणाली आणि कामाला बसली.